मागच्या चाकाचे बेअरिंग : दोष कंपनीचा की बसवणाऱ्याचा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मोटारींविषयीच्या चर्चेत एक तक्रार हमखास ऐकू येते. मागच्या चाकाचे बेअरिंग नवे घातले आणि काही महिन्यांतच पुन्हा घरघर सुरू झाली, हल्लीचा मालच टिकत नाही. बाजारात बनावट माल आहे, हे खरे. पण नामांकित कंपनीचे, योग्य नंबरचे बेअरिंगही असेच लवकर जाते, तेव्हा त्याचे आयुष्य बहुतेक वेळा बसवतानाच संपलेले असते. अशा वेळी कंपनीला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. हे काम नेमके कसे होते आणि कुठे बिघडते, हे गाडीमालकांना आणि नव्याने कामाला लागलेल्या मुलांना कळावे म्हणून हे पत्र.

सर्वांत आधी, काढलेले जुने बेअरिंग भंगारात टाकू नका. डोळ्यांना गॉगल लावून त्याची बाहेरची रिंग ग्राइंडरने कापा, रेस (रिंगवरची छर्रे फिरण्याची वाट) डिझेलने पुसा आणि उजेडात धरा. छर्र्यांमधल्या अंतराइतक्याच अंतरावर रेसच्या सगळ्या गोलाईत एकसारखे बारीक खळगे दिसले, तर प्रेसचा (भाग दाबून बसवणाऱ्या यंत्राचा) दाब किंवा हातोडीचा घाव छर्र्यांमधून गेला होता असे समजावे. खड्ड्यात किंवा कडेच्या दगडावर चाक आदळूनही खळगे पडतात, पण ते रेसच्या एखाद्याच भागात असतात. छर्र्यांच्या एका ओळीच्या एकाच बाजूला पापुद्रे निघाले असतील तर बेअरिंग तिरके बसले होते किंवा बोअरमध्ये (बेअरिंग बसते त्या भोकात) कचरा राहिला होता. ग्रीस दुधट किंवा गंजाच्या रंगाचे झाले असेल तर आत पाणी गेले. पोलाद निळसर-जांभळट पडले असेल तर ते जळले. आणि बाहेरच्या रिंगची पाठ घासून चकचकीत झाली असेल, तिच्यावर तपकिरी भुकटी असेल, तर रिंग बोअरमध्ये फिरत होती. अशा ठिकाणी कितीही महागडे बेअरिंग घाला, ते जाणारच. एवढे पाहायला दहा मिनिटे लागतात आणि पुढचा वाद मिटतो.

आता मुळात आवाज बेअरिंगचाच आहे का, हे ठरवू. बेअरिंगची घूं घूं गाडीच्या वेगाबरोबर वाढते. गिअर न्यूट्रलला टाकून इंजिनाचा वेग उतरू दिला तरी ती तशीच राहते. रिकाम्या रस्त्यावर बेताच्या वेगात स्टिअरिंग थोडे डावीकडे घेतले की भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढला तर संशय उजवीकडे धरावा. उलट वळणाला उलटे. पत्रा आवाज इकडून तिकडे नेतो, त्यामुळे मागच्या सीटवर बसून बाजू ओळखणारे अनेकदा चुकतात. खात्रीसाठी चाक अधांतरी करून एका हाताने फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट लागते. चाक वरून-खालून धरून हलवल्यावर प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तरी थांबा. मागच्या बाजूला सस्पेन्शनच्या जोडांतले झिजलेले रबरी बुशही असाच प्ले दाखवतात. सहायकाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बुश किंवा जोड पाहावा.

या सगळ्यात फसवा असतो तो टायर. मागचे टायर लाटांसारखे झिजले की हुबेहूब बेअरिंगसारखा आवाज करतात. फरक इतकाच की टायरचा आवाज गुळगुळीत रस्त्यावरून खडबडीत रस्त्यावर गेल्यावर लगेच बदलतो. मागचे टायर पुढे घालून पाहिले आणि आवाजही पुढे सरकला, तर बेअरिंगला हात लावायचे कारण नाही. ही साधी चाचणी न करता बेअरिंग बदलणे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

काम सुरू करताना सपाट, टणक जमीन हवी. ड्रम (चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा डबा) निघायला हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून गिअर टाकून ठेवा. चाकाचे नट आणि डस्ट कॅपखालचा मधला मोठा नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करा; मधल्या नटाला बराच जोर लागतो आणि गाडी स्टँडवर असताना तो जोर लावणे धोक्याचे. मोठा नट मात्र फक्त सैल करायचा, तो काढून गाडी ढकलायची नाही. जॅकवर काम करू नये, वजन स्टँडवरच घ्यावे. ब्रेकची धूळ हवेच्या दाबाने उडवू नका, क्लीनरने ओली करून पुसा. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगा, ब्रेकच्या रबरी होजवर लोंबकळू देऊ नका. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकच्या गाडीत तो आधी सर्व्हिस मोडला न्यावा लागतो.

मागच्या चाकाच्या बेअरिंगचे ढोबळ तीन प्रकार भेटतात आणि तिघांचे नियम वेगळे आहेत. बरेच नुकसान एकाचा नियम दुसऱ्याला लावल्याने होते. जुन्या गाड्यांत दोन सुटे टेपर रोलर बेअरिंग असतात, आतले मोठे आणि बाहेरचे लहान. नंतरच्या अनेक छोट्या गाड्यांत ड्रममध्ये किंवा नकलमध्ये (चाकाला धरणाऱ्या सस्पेन्शनच्या भागात) प्रेसने बसवलेले, दोन ओळी छर्र्यांचे सीलबंद बेअरिंग असते आणि ते सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) अडवलेले असते. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत हब (चाक ज्यावर आवळतात तो मधला भाग) आणि बेअरिंग मिळून एकच युनिट येते, ते मागून चार बोल्टांनी आवळायचे.

मधल्या प्रकाराबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिथेच सर्वाधिक बिघडते. ड्रम निघत नसेल तर त्यावर घण घालू नका. बहुधा ड्रमच्या आतल्या काठावर झिजेची कड तयार झालेली असते आणि शू (आतून ड्रमवर घासणारे ब्रेकचे भाग) तिच्यात अडकतात. बॅकप्लेटच्या (ब्रेकमागच्या स्थिर पत्र्याच्या) भोकातून ॲडजस्टर मागे घेतला की ड्रम सुटतो. सर्क्लिप काढल्याखेरीज प्रेस चालवू नका. हे सांगायची वेळ येऊ नये, पण सर्क्लिप तशीच ठेवून दाब दिल्याने खाचेची कड तुटलेले ड्रम भंगारात हवे तेवढे सापडतात. जुने बेअरिंग काढताना दाब कुठून गेला याला महत्त्व नाही, कारण ते टाकूनच द्यायचे आहे. एकदा दाबून काढलेले बेअरिंग पुन्हा बसवायचे नाही, मग ते हाताला कितीही गुळगुळीत लागो. आतल्या रिंगचा अर्धा भाग हबवर अडकून राहिला तर तो पुलरने काढा. ग्राइंडरने खाच पाडून छिन्नीने फोडायची वेळ आली, तर खाच हबच्या पोलादापर्यंत पोचू देऊ नका; तिथे ओरखडा राहिला की नवी रिंग त्याच जागी तिरकी बसते किंवा तडकते.

बोअर साफ करण्यात जी मुले घाई करतात त्यांचे काम परत येते. गंज बारीक पॉलिश पेपरने गोलाईच्या दिशेने काढा, सर्क्लिपची खाच टोकदार हत्याराने खरवडा, बोअरच्या तोंडाशी उठलेली कड हलकेच मोडा, मग क्लीनरने धुऊन कोरडे करा. बोट फिरवले तर कुठेही अडता कामा नये. नवे बेअरिंग प्रेसशिवाय, अंगठ्याच्या जोराने आत गेले तर आनंद मानू नका. ड्रम चाकाबरोबर फिरतो, भार मात्र कायम एकाच दिशेने येतो. त्यामुळे बाहेरची रिंग सैल असेल तर ती बोअरमध्ये हळूहळू सरकत राहते, बोअर खाते आणि गरम होते. हा घट्टपणा मिलिमीटरच्या काही शतांशांचाच असतो, पण त्यावरच सगळे उभे आहे. बोअर ढिला असेल तर ड्रम किंवा नकल बदलावा. सेंटर पंचने ठिपके मारून बोअर ‘घट्ट’ करणे, पातळ पत्रा घालणे, चिकटवणारे द्रव ओतणे हे सगळे गाडी विकेपर्यंतचे उपाय आहेत.

नवे बेअरिंग शेवटच्या क्षणापर्यंत वेष्टनातच ठेवा. ते डिझेलने धुऊन ग्रीस भरायची जुनी सवय सुट्या टेपर बेअरिंगसाठी ठीक होती. सीलबंद बेअरिंगमध्ये कारखान्यातच मोजून ग्रीस भरलेले असते. ते धुतले की सीलमधून डिझेल आत जाते आणि ग्रीस पातळ होते. आतली रिंग दोन भागांत असते, ती कुतूहलापोटी ओढून पाहू नका. अर्धी रिंग बाहेर आली की सीलचा ओठ उलटतो आणि परत नीट बसत नाही.

आता मुख्य नियम. जी रिंग घट्ट बसवायची आहे, दाब त्याच रिंगवर द्यायचा. बेअरिंग ड्रममध्ये किंवा नकलमध्ये जाताना बाहेरची रिंग घट्ट बसते, म्हणून प्रेसचा ड्रायव्हर (दाब देणारा ठोकळा) फक्त बाहेरच्या रिंगवर टेकला पाहिजे. त्याचा व्यास रिंगपेक्षा किंचित लहान हवा, म्हणजे तो बोअरमध्ये बेअरिंगच्या मागून जाईल. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग एका ठिकाणी चिरून घेतली की उत्तम ड्रायव्हर होतो आणि अडकून बसत नाही. नकलमध्ये बेअरिंग बसवून नंतर त्यात हब घालायचा असेल, तर त्या वेळी आतली रिंग घट्ट बसते. म्हणून हब वरून दाबताना बेअरिंगच्या आतल्या रिंगला खालून नळीचा आधार द्या. आधार नकलला दिला तर सगळा दाब आतल्या रिंगमधून छर्र्यांवर आणि तिथून बाहेरच्या रिंगवर जातो. त्या क्षणी काही ऐकू येत नाही, हाताला काही लागत नाही. खळगे मात्र पडलेले असतात आणि काही आठवड्यांनी घूं घूं सुरू होते. परत आलेल्या कामांचे मूळ बहुतेक इथेच सापडते.

प्रेसवर सुरुवात सरळ झाली पाहिजे. पहिले चार-पाच मिलिमीटर हळू घ्या, चारी बाजूंनी डोळा लावून पाहा, तिरके वाटले तर मागे घेऊन पुन्हा सुरू करा. बोअरला पातळ तेलाचा हात पुरे. बेअरिंग तळाला टेकले की प्रेसचा काटा एकदम उसळतो. तिथे थांबा, आणखी एक झटका देऊ नका. सर्क्लिपची खाच पूर्ण गोलाईत उघडी दिसली पाहिजे. एका बाजूला अर्धवट झाकलेली दिसली तर बेअरिंग पूर्ण बसलेले नाही किंवा तिरके आहे. सर्क्लिप बसल्यावर तिचे दोन्ही कान पक्कडीने किंचित हलवून ती खाचेत फिरते का पाहा. प्रेस नसेल तर स्क्रूचा पुलर आणि योग्य मापाच्या चकत्या चालतात. हातोडी आणि लाकडाचा तुकडा चालत नाही, कितीही नाजूक हात असला तरी. गॅसच्या ज्योतीने ड्रम तापवणेही नको. नकल हॉट प्लेटवर हाताला चटका बसेल इतपत तापवले तर काम सोपे होते, पण सीलबंद बेअरिंग स्वतः तापवायचे नाही.

एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत आणखी एक सापळा आहे. अनेक बेअरिंगच्या एका सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते आणि चाकाचा वेग सेन्सर तिच्यावरून वाचतो. ती बाजू सेन्सरकडेच आली पाहिजे. दोन्ही सील वरवर सारखे दिसतात. सहसा चुंबकीय बाजू काळपट किंवा तपकिरी रबरी असते आणि दुसरी धातूची. चुंबकीय पट्टी दाखवणारे छोटे कार्ड मिळते, ते जवळ धरले की रेषा उमटतात आणि शंका राहत नाही. उलटे बसवलेले बेअरिंग आवाज करत नाही, चाकही छान फिरते, फक्त एबीएसचा दिवा लागतो. आणि दाबून बसवलेले बेअरिंग काढून परत घालता येत नाही, म्हणजे नवे आणावे लागते. त्या पट्टीजवळ चुंबक, लोखंडी कीस, चुंबकीय ट्रे काहीही आणू नका. सेन्सर गंजून अडकला असेल तर त्याला पिळू नका, तेल सोडून हळूहळू हलवा. त्याच्या बसकेतला गंजही साफ करा, नाहीतर सेन्सर उचललेला राहतो आणि पट्टीपासूनचे अंतर वाढते.

यानंतर मधला नट. दोन ओळींच्या सीलबंद बेअरिंगमध्ये आतल्या रिंगचे दोन अर्धे भाग एकमेकांवर घट्ट आवळले गेले तरच छर्र्यांना योग्य ताण मिळतो, आणि तो ताण नटाच्या टॉर्कवर, म्हणजे आवळण्याच्या मोजलेल्या जोरावर, ठरतो. अनेक छोट्या गाड्यांत तो 150 ते 250 न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा, काहींत टॉर्कनंतर ठरावीक अंशांनी पुढे फिरवायचेही लिहिलेले असते. हवेच्या गनने ‘कडकड’ वाजेपर्यंत आवळणे हा टॉर्क नव्हे. गनचे घाव नव्या बेअरिंगला बसतात, आणि खरा आकडा किती लागला ते कुणालाच कळत नाही. नट नवाच घ्या. ठोकून खाचेत बसवलेली नटाची कड एकदा सरळ केली की दुसऱ्यांदा ठोकताना ती तुटते, आणि नायलॉनच्या रिंगचा नटही एकदाच नीट पकडतो. पूर्ण टॉर्क लागेपर्यंत गाडीचे वजन त्या चाकावर टेकवू नका. सैल रिंगांवर भार आला की छर्रे कडेवर चढतात. ज्या गाड्यांत मागचा स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरते तो आखूड दांडा) फिरत नाही तिथे गाडी स्टँडवर असतानाच टॉर्क लावता येतो, ती पक्की टेकलेली आहे एवढे पाहा. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते अशा गाडीत शाफ्ट फिरतो, म्हणून कुणीतरी ब्रेक दाबून धरावा लागतो.

सुट्या टेपर रोलरचा नियम याच्या नेमका उलट. तिथे नट चाक फिरवत फिरवत आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग तो सैल करून पुन्हा फक्त बोटांच्या जोराने टेकवायचा आणि कॉटर पिनचे भोक जुळत नसेल तर नट पुढे न नेता मागे घ्यायचा. कॉटर पिन दर वेळी नवी. शेवटी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, जेमतेम जाणवेल इतका प्ले राहिला पाहिजे. टेपर बेअरिंगला सीलबंद बेअरिंगचा टॉर्क लावला तर ते रस्त्यात जळेल. सीलबंद बेअरिंग टेपरसारखे बोटाने टेकवून सोडले तर ते खिळखिळे होईल. टेपरमध्ये कोन (रोलरसह आतली रिंग) आणि कप (बाहेरची रिंग) जोडीनेच बदलावेत, जुन्या कपात नवा कोन नको. ग्रीस तळव्याने रोलरच्या फटींमधून दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत भरावे, पण हबची पोकळी तुडुंब भरू नये. जास्तीचे ग्रीस तापून सीलमधून ब्रेकच्या शूवर येते.

चार बोल्टांच्या युनिटला प्रेस लागत नाही, म्हणून ते सोपे समजले जाते. अडचण गंजाची असते. हब नकलमध्ये रुतून बसतो. मागचे बोल्ट थोडे बाहेर काढून त्यांच्या डोक्यांवर एक्स्टेन्शन ठेवून आळीपाळीने ठोकले की तो सरळ बाहेर येतो. एकाच बाजूला ठोकत राहिले तर आणखी रुततो. ड्रम ब्रेकच्या अनेक गाड्यांत हेच चार बोल्ट ब्रेकची बॅकप्लेटही धरतात. ते निघाले की बॅकप्लेट ब्रेकच्या पाइपवर लोंबकळते आणि पाइप दुमडतो, म्हणून आधी तिला आधार द्या. नवा हब बसण्याची जागा वायरब्रशने उघड्या धातूपर्यंत स्वच्छ करा. तिथे गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्क डुलते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबताना गाडी थरथरते. मग दोष डिस्कला दिला जातो. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळा.

एका बाजूचे गेले म्हणून दोन्ही बदला, असा आग्रह धरला जातो. त्याची गरज नाही. दुसरी बाजू फिरवून, हलवून तपासावी आणि चांगली असेल तर राहू द्यावी. चांगल्या बेअरिंगला हात लावण्यात धोकाच अधिक. मात्र रुंद चाके, चाक बाहेर सरकवणारे स्पेसर, नेहमीचा जादा भार किंवा पाण्यात उभी राहणारी गाडी असेल तर दुसरे लवकरच येईल, हे मालकाला आधी सांगावे. गाडी धुताना प्रेशरचा फवारा थेट हबच्या मध्यावर धरणाऱ्यांनाही हे लागू आहे.

काम झाल्यावर चाक हाताने फिरवा. नव्या सीलमुळे किंचित जड लागते, ते ठीक. पण खडे, अडखळ किंवा प्ले नको. डायल गेज असेल तर हबचा आत-बाहेर प्ले मोजा. अनेक मॅन्युअलांत त्याची मर्यादा 0.05 मिलिमीटरच्या आसपास असते. शू ॲडजस्ट करा, गाडी हलवण्याआधी ब्रेकचे पॅडल कडक होईपर्यंत दाबा, चाकाचे नट ताऱ्याच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळा आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासा. पहिल्या फेरीनंतर दोन्ही मागच्या हबजवळ हात न्या, लगेच टेकवू नका. ब्रेक फारसे न लावताही नवी बाजू दुसरीपेक्षा बरीच तापलेली वाटली तर शू किंवा हँडब्रेकची केबल घासते आहे का ते आधी पाहा. तसे नसेल तर ड्रम पुन्हा उघडा.

आपला नम्र,
मोटार दुरुस्तीच्या कामातला एक वाचक